खिडकी उघडायची कोणी?

टीका कादंबरीवर लिहितात, नाटकावर लिहितात, फार तर शेजारच्या मुलीच्या अरंगेत्रमवर लिहितात. परिपत्रकावर मात्र कोणी टीकालेख लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हा परिपत्रकांवर अन्याय आहे. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, परिपत्रक हा किती समृद्ध वाङ्मयप्रकार आहे ते! त्यात नायक असतो (ग्राहक), खलनायक असतो (तोही ग्राहकच), पानापानावर गूढ असतं, आणि 'ही सूचना याआधीच्या सर्व सूचनांच्या जागी वाचावी' हे वाक्य आलं की कारुण्यही असतं. कारण आधीच्या सूचना आपण कालच पाठ केलेल्या असतात.

आज ज्या परिपत्रकाचं परीक्षण करायचं आहे ते आमच्या बँकेचं नाही. असतं तर मी हे लिहिलं नसतं. निवृत्तीला अजून अवकाश आहे. ते काढलं आहे 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम' नावाच्या संस्थेनं. विषय : एचटीएमएल ४.०१. तारीख : २४ डिसेंबर १९९९. एचटीएमएल म्हणजे वेबवरची पानं ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती भाषा, आणि हे परिपत्रक म्हणजे तिचं व्याकरण. नाताळच्या आदल्या दिवशी व्याकरण प्रसिद्ध करणारी कचेरी पाहून मला अगदी भरून आलं. आमच्याकडेही महत्त्वाची परिपत्रकं लागून सुट्टी आली की नेमकी आदल्या संध्याकाळी येतात.

या वाङ्मयाशी माझा संबंध आला तो वाचनालयामुळे. बी.कॉम. झालेला माणूस दिसला की कुठलीही संस्था त्याला खजिनदार करून टाकते. तसा मी आमच्या पेठेतल्या वाचनालयाचा खजिनदार. वाचनालयाची वेबसाइट माझ्या भाच्यानं करून दिली. फुकट करून दिली, त्यामुळे तिच्यात दोष काढायला सगळ्यांनाच मोकळीक होती. पहिला फोन आला अध्यक्षांचा. हे निवृत्त मुख्याध्यापक.

"अहो, तुमच्या त्या साइटवरून मी विश्वकोशात गेलो आणि तिथेच अडकलो. मागे जायचा बाण चालत नाही. फिक्का पडलाय."

घरी जाऊन पाहिलं. अध्यक्षांच्या संगणकावर नऊ खिडक्या उघड्या होत्या. प्रत्येक लिंकवर टिचकी मारली की जुनं पान तसंच खाली ठेवून वर नवी खिडकी. नव्या खिडकीला भूतकाळ नसतो, तर ती मागे कुठे जाणार? म्हणून बाण फिक्का. अध्यक्षांना मात्र वाटत होतं, आपल्या हातून यंत्र बिघडलं. छत्तीस वर्षं मुलांना 'चुका कर, पण विचार' असं शिकवलेला हा माणूस दोन दिवस कोणाला न विचारता अपराध्यासारखा त्या बाणाकडे बघत बसला होता. ही गोष्ट मला लागली.

भाच्याला बोलावलं. तो म्हणाला, "मामा, ते मुद्दाम केलंय. बाहेरची लिंक नव्या खिडकीतच उघडायची. नाहीतर लोक आपली साइट सोडून जातात."

"अरे, पण जायचंच असेल एखाद्याला तर?"

"जाऊ दे ना. मागे आपली उघडी राहते!"

"आणि नियम काय म्हणतो?" बँकेतल्या माणसाला हा प्रश्न आधी सुचतो, भूक मागाहून लागते.

"पूर्वी बसत नव्हतं नियमात. आता बसतं."

एवढं ऐकल्यावर मूळ परिपत्रक वाचल्याखेरीज मला झोप लागणं शक्य नव्हतं. (वाचायला घेतल्यावर मात्र ती लगेच लागली. पण चार रात्रींत मी ते पुरं केलं.)

टिम बर्नर्स-ली या गृहस्थांनी १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून हे जाळं जगापुढे मांडलं, तेव्हा लिंकचा व्यवहार सरळ होता. लिहिणाऱ्यानं फक्त पत्ता द्यायचा. त्या पत्त्यावरचं पान कसं उघडायचं, कुठे उघडायचं, हा वाचणाऱ्याचा आणि त्याच्या ब्राउझरचा आपसातला मामला. टपाल खातं पत्र घरी पोचवतं. ते झोपाळ्यावर बसून वाचा की न्हाणीघरात, याबद्दल पोस्टमन आग्रह धरत नाही.

हा आग्रह सुरू झाला १९९६ साली. नेटस्केप कंपनीच्या नॅव्हिगेटर या ब्राउझरची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर आल्या फ्रेम्स. म्हणजे एकाच पानाचे तुकडे पाडून डावीकडे अनुक्रमणिका आणि उजवीकडे मजकूर. आता डावीकडे टिचकी मारली तर पान उजवीकडे उघडलं पाहिजे, हे ब्राउझरला सांगणार कसं? त्यासाठी 'टार्गेट' हा शब्द निघाला. त्याच्यापुढे फ्रेमचं नाव लिहायचं. शिवाय चार नावं राखीव : सेल्फ, पॅरेंट, टॉप आणि ब्लँक. सेल्फ म्हणजे स्वतःच्याच जागी, पॅरेंट म्हणजे आईबापांच्या जागी, टॉप म्हणजे सगळ्यांना बाजूला सारून, आणि ब्लँक म्हणजे नवीकोरी खिडकी. आमच्या चाळीतल्या चार भावांचा स्वभाव थोडक्यात सांगायचा तर याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

या राखीव नावांच्या आधी एक आडवी रेघ द्यावी लागते. ती विसरली तर मोठी मौज होते. ब्राउझरला वाटतं, 'ब्लँक' हे एका खिडकीचं पाळण्यातलं नाव आहे. मग तो त्या नावाची एक खिडकी उघडतो आणि नंतरच्या सगळ्या लिंका त्याच एका खिडकीत एकमेकींच्या उरावर उघडतो. एका रेघेवाचून इतका अनर्थ मी फक्त चेकवर पाहिला आहे.

आता मूळ परिपत्रकाकडे वळू. एचटीएमएल ४.० हे डिसेंबर १९९७ मध्ये आलं, ४.०१ ही त्याचीच दुरुस्त प्रत. या व्याकरणाचे तीन पंथ आहेत. पहिला स्ट्रिक्ट, म्हणजे सोवळ्यातला. दुसरा ट्रान्झिशनल, म्हणजे अजून सोवळं नेसलेलं नाही पण विचार आहे असा. तिसरा फ्रेमसेट, ज्यांची चूलच वेगळी. सोवळ्यातल्या पंथाचं तत्त्व असं की पानावर मजकूर काय आहे तेवढंच एचटीएमएलनं सांगावं. तो दिसतो कसा, रंग कोणता, टाइप केवढा, याची उठाठेव करू नये, ते काम वेगळ्या स्टाइलशीटचं. तत्त्व चांगलं आहे. लेजर लिहिणाऱ्यानं लेजर लिहावं, कॅशियरच्या कॅबिनमध्ये नाक खुपसू नये, हे मलाही पटतं.

तर या सोवळ्यातल्या पंथात 'टार्गेट' हा शब्द नाही. आणि इथेच समीक्षक म्हणून माझी भुवई वर गेली. या ग्रंथाच्या शेवटी सगळ्या शब्दांची एक मोठी यादी आहे. त्यात फाँट, सेंटर असल्या मंडळींपुढे स्पष्ट शेरा आहे की हे शब्द आता वापरातून काढायचे आहेत. 'टार्गेट'पुढे असा शेरा नाही. तो फक्त ढिल्या आवृत्तीत सापडेल एवढीच नोंद. म्हणजे हद्दपारीचा हुकूम आहे, पण आरोपपत्र नाही! मला जे दिसतं ते असं : स्ट्रिक्टमध्ये फ्रेम्सना जागा नव्हती, म्हणून फ्रेम्सचं अवजारही गेलं, आणि त्या अवजाराला लटकून 'ब्लँक'ही गेला. वास्तविक एव्हाना ब्लँकचा फ्रेम्सशी संबंध उरला नव्हता. त्यानं आपला स्वतंत्र धंदा काढला होता.

या संस्थेकडे व्हॅलिडेटर नावाचा एक हिशेबतपासनीसही आहे. त्याला आपलं पान दाखवायचं, तो चुका काढतो. स्ट्रिक्टच्या पानात टार्गेट लिहिलंत तर तो 'हे वापरू नका' म्हणत नाही, 'वापरलंत तर अमुक त्रास होईल' म्हणत नाही. तो म्हणतो, असा गुणधर्मच अस्तित्वात नाही. हे बोलणं मला फार ओळखीचं वाटलं. ग्राहक हातात फॉर्म घेऊन काउंटरवर उभा असतो आणि आतला माणूस त्याला सांगतो, "असा फॉर्मच नसतो."

कारण न सांगता नियम केला की त्याचं जे होतं तेच झालं. २००० साली एक्सएचटीएमएल आलं, सोवळं आणखी कडक झालं, आणि आपलं पान शुद्ध आहे असा बिल्ला साइटच्या तळाशी लावायची फॅशन आली. बिल्ला तर हवा, आणि नवी खिडकीही हवी. मग युक्ती निघाली. लिंकवर टार्गेट लिहायचंच नाही. त्याऐवजी 'एक्स्टर्नल', म्हणजे ही बाहेरची लिंक आहे, एवढी सोज्वळ नोंद करायची. पान उघडलं की जावास्क्रिप्टचा चार ओळींचा कार्यक्रम हळूच येतो, अशा नोंदीच्या सगळ्या लिंका गोळा करतो आणि प्रत्येकीला टार्गेट ब्लँक चिकटवून जातो. तपासनीस फक्त लिहिलेला कागद तपासतो. मागाहून स्क्रिप्ट काय करते ते त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे आम्ही हुंडा घेतला नाही हो, मुलीच्या वडिलांनी आपखुशीनं स्कूटर दिली!

वाचणाऱ्याच्या दृष्टीनं काय बदललं? काही नाही. खिडकी उघडतच होती, बाण फिक्का पडतच होता. फक्त पानाच्या तळाशी बिल्ला आला होता. याहून गंमत म्हणजे ज्या संस्थेनं हा शब्द काढला तिनंच २००१ साली एक्सएचटीएमएलचे सुटे भाग पाडले, तेव्हा 'टार्गेट' हा एक वेगळा सुटा भाग म्हणून पुडीत बांधून ठेवला. एक्सएचटीएमएल १.१ मध्ये ती पुडी घातली नाही. ज्याला हवी त्यानं आपली आपण घालून घ्यावी. फराळाच्या डब्यात शंकरपाळ्या नाहीत, पण शेजारच्या कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप नाही, असा हा सगळा संयम!

आता प्रश्न असा की या नियमामागे काही चांगलं कारण होतं का? होतं. फक्त ते या ग्रंथात नाही. त्याच संस्थेच्या दुसऱ्या खात्यानं सात महिने आधी, ५ मे १९९९ रोजी, एक वेगळं परिपत्रक काढलं होतं : अपंग वाचकांना वेब सुलभ व्हावी म्हणून काय करावं, त्याचं. त्यात साफ लिहिलं आहे की वाचणाऱ्याला न सांगता नव्या खिडक्या उघडू नका. त्याच महिन्याच्या अखेरीस जेकब नील्सन या अमेरिकेतल्या जाणकारानं वेबरचनेतल्या दहा नव्या चुकांची यादी काढली. पहिला नंबर मागे जायचं बटण मोडण्याला, दुसरा नवी खिडकी उघडण्याला. आमच्या अध्यक्षांच्या व्यथेला त्या यादीत लागोपाठ दोन नंबर मिळाले होते, आणि ते बिचारे स्वतःला दोष देत बसले होते!

न सांगता उघडलेली खिडकी म्हणजे काय, ते मला कळलं आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यामुळे. त्यांना दिसत नाही. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर त्यांना वाचून दाखवतो, आणि त्या वाचनाचा वेग असा की शेजारी उभं राहिलं तर पोपटाला घाई झालीय असं वाटावं. ते कीबोर्डवर माझ्या दुप्पट वेगानं काम करतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते एका संस्थेच्या साइटवर मुलीच्या प्रवेशाची माहिती बघत होते. एका लिंकवर गेले, माहिती ऐकली, आणि परत यायला ऑल्ट आणि डावा बाण दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"खोली बदललीय," ते म्हणाले. "दार कुठे होतं ते आता शोधायचं. तुम्हाला निदान भिंती दिसतात."

नंतर त्यांनी खिडक्या चाळून, एकेकीचं शीर्षक ऐकत मूळ पान शोधून काढलं. सव्वा मिनिट गेलं असेल. तक्रार नाही. पण डबा मात्र तसाच राहिला, कारण तेवढ्यात सुट्टी संपली. रोज अशा किती लिंका येतात म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "मोजत नाही. मोजलं की राग येतो."

भाच्याच्या 'लोक सोडून जातात' या युक्तिवादाकडे मी यानंतर नीट पाहिलं. पाहुणा जायला निघाला की त्याची चप्पल लपवणारे यजमान असतात ना, त्यातला हा प्रकार. हेतू प्रेमाचाच असतो, पण पाहुणा पुढच्या खेपेला चप्पल हातात घेऊनच बसतो. बरं, ज्याला नवी खिडकी हवी त्याला ती मिळतेच की! साध्या लिंकवर कंट्रोलचं बटण दाबून टिचकी मारा, नव्या टॅबमध्ये उघडते. फायरफॉक्सच्या २००४ सालच्या पहिल्या आवृत्तीत टॅब होते, २००६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीतही आले. ही सोय वाचणाऱ्याच्या हातात कधीचीच आहे. उलट एकदा का लिंकमध्ये ब्लँक लिहिलं, की 'बाबा रे, याच खिडकीत उघड' असं सांगायला साधं सरळ बटण नाही. साधी लिंक दोघांनाही चालते. ब्लँकची लिंक फक्त लिहिणाऱ्याच्या मनासारखी चालते. मला या सगळ्या वादात हाच मुद्दा लाखाचा वाटतो, आणि शुद्धतेचे बिल्ले लावणाऱ्या मंडळींनी नेमका हाच सांगितला नाही.

नवी खिडकी कधीच नको असं मात्र मी म्हणणार नाही. कर्जाचा फॉर्म अर्धा भरलाय, 'हमीदार म्हणजे कोण' हे बघायला लिंक दाबली, आणि परत येऊन पाहतो तो भरलेला मजकूर गायब. असं होण्यापेक्षा मदतीचं पान बाजूला उघडलेलं बरं. सुलभतेची नंतरची सूत्रंही साधारण हेच सांगतात : गरज असेल तिथेच उघडा, आणि आधी सांगा. वाचनालयाच्या साइटवर सभासदत्वाचा फॉर्म आहे. तिथली नियमावलीची लिंक तेवढी आम्ही नव्या खिडकीत ठेवली आणि तसं तिच्यापुढे लिहिलं. बाकीच्या सगळ्या भाच्यानं एका दुपारी साध्या करून टाकल्या. 'नवीन खिडकीत उघडेल' लिहायचं की 'नव्या', यावर कार्यकारिणीत पंचवीस मिनिटं चर्चा झाली, ती इथे देत नाही.

पुढे २०१४ च्या ऑक्टोबरात एचटीएमएल ५ ला मान्यता मिळाली आणि टार्गेट राजरोस परत आला. फ्रेमसेट मात्र कायमचा बाद झाला. म्हणजे ज्याच्या घरात हा आश्रयाला आला होता तो भाडेकरू गेला आणि पोटभाडेकरू कायदेशीर झाला! मुंबईच्या वाचकांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. टीकाकार म्हणून मला एचटीएमएल ५ चा हा प्रांजळपणा आवडला. जे सगळेच करतात ते नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. पण परत घेताना 'जपून वापरा' एवढं जरी ठळक टाइपात त्याच्या शेजारीच छापलं असतं, तरी निम्मे भाचे मार्गी लागले असते.

एक भाग मात्र हसण्यावारी न्यायचा नाही, आणि तो माझ्या धंद्यातला आहे. ब्लँकनं उघडलेल्या नव्या पानाला पूर्वी मागच्या पानाचा धागा हातात मिळत असे. त्या धाग्यानं नवं पान मागचं पान बदलू शके. तुम्ही पुढच्या खिडकीत लेख वाचताय, तेवढ्यात मागच्या खिडकीत तुमच्या बँकेसारखं दिसणारं खोटं लॉगिनचं पान येऊन बसलंय. तुम्ही परत येता, 'अरे, लॉगआउट झालं वाटतं' म्हणता आणि पासवर्ड भरता. खिशात हात घालणारा पुढे उभा नसतो, मागे उभा असतो. यावर उपाय म्हणून लिंकमध्ये 'नोओपनर' असा शब्द लिहायची सोय झाली. पण तो लिहायचं लक्षात कोण ठेवणार? अखेर २०१९ ते २०२१ या काळात सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम यांनी तो धागा आपणहून तोडायला सुरुवात केली. म्हणजे सुमारे पंचवीस वर्षं हे दार नुसतं लोटलेलं होतं. सोवळ्याच्या वादात किती पानं खर्ची पडली आणि या दाराला कडी लावायला किती वेळ लागला, याचा ताळेबंद कोणीतरी मांडायला हवा. मी मांडला असता, पण मार्चअखेर आहे.

मोबाइलवर खिडक्या दिसत नाहीत, त्यामुळे तिथे हा प्रश्न सुटला असं पुष्कळांना वाटतं. तिथे त्या नुसत्या साचतात. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये उघड्या टॅबांचा आकडा कोपऱ्यात एका चौकोनात दिसतो. शंभरी गाठली की तो मोजायचं सोडून देतो आणि चौकोनात हसरा चेहरा काढतो. शिल्लक मोजता मोजता हसायला लागलेला कॅशियर मी तरी नोकरीत पाहिला नाही. माझ्या मेव्हण्याच्या फोनवर हा चेहरा गेली दोन वर्षं हसतो आहे. आतमध्ये किती पानं आहेत ते मेव्हण्यालाही माहीत नाही, आणि त्यातली निम्मी आपण उघडलीच नव्हती असं त्याचं म्हणणं आहे. त्यातलं एक आमच्या वाचनालयाचं, दुरुस्तीच्या आधीचं.